कोंडवाड्याची कडी

बसा मंडळी, सरकून बसा. त्या खांबापाशी बसलेल्या आजोबांना थोडी जास्त जागा द्या. ते आत्ता टेकलेत, थोड्या वेळानं आडवे होतील. आमच्या कीर्तनावर त्यांची श्रद्धा आहे. इथल्याइतकी गाढ झोप त्यांना घरी लागत नाही!

देवाला नमस्कार करून झाला. आता अध्यक्षमहाराजांना करतो. तो जरा जास्त वाकून करतो, कारण देव रागावला तर क्षमा करतो. अध्यक्ष रागावले तर पुढच्या वर्षी बोलावत नाहीत.

मंडळी, देवळात शिरताना बाहेरची पाटी वाचली. मोठी सुंदर पाटी आहे. चपला कुठं काढायच्या, नारळ कुठं फोडायचा, घंटा किती जोरात वाजवायची, लहान मुलांनी कुठवर यायचं, बायकांनी कुठवर यायचं, फुलं कुणी वाहायची, कुणी नुसती ठेवायची. नियमांची इतकी गर्दी, की देवाचं नाव शेवटच्या ओळीत अंग चोरून उभं आहे. आणि त्या पाटीच्या खाली, अगदी बरोबर खाली, कुणाच्या तरी कोल्हापुरी चपला! नव्या होत्या हो, करकरीत. मी विचारलं, या कुणाच्या? तर एक स्वयंसेवक माझ्या कानात म्हणाला, "बुवा, हळू बोला. पाटी लावली त्यांच्याच आहेत."

मी कुणाकडं बघतोय का? नाही. मी छताकडं बघतोय.

पण तिथंच आजचा प्रश्न सापडला बघा. आता मोठमोठे पंडित यावर ग्रंथ लिहितात, आपण साधा विचारू. नियम करणारा माणूस, तो नियमाच्या आत असतो का बाहेर? कुंपण घालणारा कुंपणाच्या कुठल्या बाजूला उभा राहून कुंपण घालतो? लगेच उत्तर देऊ नका. घरी सुनेला, शेजाऱ्याला, भाडेकरूला काय काय नियम लावलेत ते आठवा, आणि मग माझी गोष्ट ऐका.

गावाचं नाव बेलखेडी म्हणू या. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. शेजारीपाजारी शोधा, सापडेल. संस्थानी काळ. गावात भोगेश्वराचं जुनं देऊळ, भोवती शेतं, आणि गावाचे पाटील सुभानराव.

सुभानराव वाईट माणूस नव्हता हं! हे आधीच सांगतो. वाईट माणसाची गोष्ट सोपी असते. आपण हसतो, "बरी जिरली" म्हणतो आणि मजेत घरी जातो. सुभानराव सज्जन होता. लाच खात नव्हता, दारू पीत नव्हता, परस्त्रीकडं बघत नव्हता. त्याला एकच व्यसन, न्यायाचं. तरुणपणी संस्थानच्या कचेरीत काम केलेलं. तिथून परत येताना लोक धोतरजोडी आणतात, पेढे आणतात. हा एक वाक्य घेऊन आला. "नियम म्हणजे नियम."

सकाळी उठला की नियम म्हणजे नियम. जेवायला बसला की नियम म्हणजे नियम. बायको म्हणाली, "अहो, भाजीत मीठ कमी आहे का?" तर यानं आधी विचारलं असणार, की मिठाचा नियम काय आहे!

आता या बेलखेडीत गुरांचा प्रश्न. एकाचं जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरायचं, हे नेहमीचंच. मग काय व्हायचं? शेतकरी ते जनावर ओढत मालकाच्या दारात आणायचा, अंगणात उभा राहून मालकाच्या चार पिढ्यांचा उद्धार करायचा. मालक ऐकून घ्यायचा. मग घरातून गूळ-पाणी यायचं. पाणी पिऊन झालं की हा म्हणायचा, "बरं, येतो." झाला निवाडा!

सुभानरावांना हे बघवेना. न्याय असा गूळ-पाण्यावर होतो? ज्याची जीभ तिखट त्याला जास्त न्याय, ज्याचा गूळ गोड त्याला कमी शिक्षा? त्यांनी ठरवलं, गावात कोंडवाडा बांधायचा. आपल्या घराला लागूनच बांधला. दोन पुरुष उंच दगडी भिंती, वर उघडं आभाळ, एकच दार, जाड फळ्यांचं.

आणि शिक्षा काय? इथं सुभानरावांची बुद्धी बघा, मला खरंच कौतुक वाटतं. ते म्हणाले, पैशाचा दंड मी ठेवणार नाही. पैशाचा दंड गरिबाला रडवतो आणि श्रीमंताला गुदगुल्या करतो. शिक्षा सगळ्यांना सारखी हवी. म्हणून ज्याचं जनावर, त्यानं जनावराबरोबर आत बसायचं. सकाळी आत, दिवेलागणीला बाहेर. मग तो कुणी असो!

काय वाईट आहे यात? सांगा ना. ऐकायला किती छान. जगातला प्रत्येक नियम करताना ऐकायला छानच असतो. तो कधी वाईट लागतो? आत बसल्यावर.

दार बसवताना सुतारानं बाहेरून कडी ठोकली आणि विचारलं, "पाटील, आतनं पण एखादी लावू का?"

सुभानराव हसले. "आतून कडी कशाला? कुणासाठी?"

सुतारानं हत्यारं गोळा केली. पाटलांनी दाराच्या आतल्या बाजूवरून हात फिरवला आणि म्हणाले, "एवढं मात्र कर, आतून रंधा मार. बसणाऱ्याच्या हाताला कुसळ लागता कामा नये." दयाळू होता हो माणूस. कोंडायचं, पण गुळगुळीत कोंडायचं.

राखणीला राणबा नावाचा माणूस नेमला. राणबा मऊ काळजाचा. दुपारी कुणी आतून म्हणालं, "राणबा, तहान लागलीय रं," की हा दार उघडायचा. पाटलांना कळलं. त्यांनी नियमाला एक शेपूट जोडलं. एकदा दार लागलं की दिवेलागणीपर्यंत उघडायचं नाही. आतला माणूस काय बोलतो ते धरायचं नाही, कारण आतला माणूस स्वतःच्या सोयीचंच बोलणार. आणि वेळेआधी जो दार उघडेल, त्यानं दुसऱ्या दिवशी आत बसायचं. राणबानं मान डोलावली.

मग एक दिवस देशमुखांची घोडी कुणाच्या तरी ज्वारीत सापडली.

जयाजीराव देशमुख! गावातला मोठा वाडा, मोठ्या मिशा, मोठा आवाज. आता हे कोंडवाड्यात बसणार? जमिनीवर? शेणात? सगळं गाव बघायला जमलं. देशमुख आले, सुभानरावांच्या ओसरीवर बसले, सुपारी कातरता कातरता म्हणाले, "पाटील, नियम उत्तम आहे तुमचा. फक्त एक अडचण. आज मला तालुक्याला जायचंय. माझा गडी बसला तर चालेल का? बसणं महत्त्वाचं, कोण बसलं ते नाही. काय?"

सुभानरावांनी विचार केला. फार वेळ नाही केला. आणि नियमाला दुसरं शेपूट लागलं. मालकानं बसायचं, किंवा मालकाच्या चाकरानं.

झालं. देशमुखांचा गडी घोडीशेजारी बसला, देशमुख तालुक्याला गेले. नियम सगळ्यांना सारखाच होता, मंडळी. ज्यांच्याकडं चाकर होता त्यांना चाकराची सवलत सारखी, आणि ज्यांच्याकडं नव्हता त्यांना बसण्याची संधी सारखी. याहून समानता ती काय असते!

आता गोजरा. वेशीजवळच्या झोपडीत राहायची. नवरा पलटणीत, दूर कुठं तरी. घरात म्हातारी सासू, पाळण्यात तान्हं पोर, दारात एक शेळी. एवढा संसार. त्या शेळीनं एके दिवशी दावं तोडलं आणि ती कुणाच्या परसात शिरली? सगळं गाव सोडून पाटलांच्या! मेथीचा वाफा सपाट केला. शेळीला कुठं माहीत, की ही नियमाची मेथी आहे.

गोजराला बोलावणं आलं. तक्रार कुणाची? पाटलांची. निवाडा कुणी करायचा? पाटलांनी. केवढी सोय! कुणाला हेलपाटा नको.

गोजरा पदर सावरून उभी राहिली. म्हणाली, "पाटील, चुकलं माझं. मेथी लावून देते. पर पोरगं अंगावर पितंय. दिसभर कसं ऱ्हाईल?"

"नियमात सवलत आहे," सुभानराव मायेनं म्हणाले. खरंच मायेनं! "तुझ्या चाकराला बसव."

"आमच्या घरात चाकर म्हंजी मीच," गोजरा म्हणाली.

सासू पुढं झाली. "मी बसते की तिच्या जागी."

"तू तिची चाकर आहेस का?"

म्हातारीनं सुनेकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपण सुनेची चाकर असतो तर बरं झालं असतं, असं वाटलं असेल. पण खोटं बोलायची सवय नव्हती. "न्हाई," म्हणाली.

"मग नियम म्हणजे नियम."

गोजरा आत गेली. शेळी आत गेली. राणबानं कडी लावली.

मंडळी, जरा ऐका. दिगंबरपंत, पेटी थांबवा. उन्हं चढली. वेशीजवळ पोर उठलं. आधी कुरकुरलं. म्हातारीनं बोट बुडवून साखरेचं पाणी चाटवलं. पोरानं थुंकून टाकलं. मग रडायला लागलं. म्हातारी त्याला उचलून कोंडवाड्यापाशी आली. भिंतीच्या एका बाजूला पोर, दुसऱ्या बाजूला आई. मध्ये पाटलांचा न्याय. आतून गोजरा म्हणत होती, "राणबा दादा, नुसतं पोर आत दे. मी भाईर येत न्हाई." राणबा दाराला पाठ लावून उभा, डोळे पुसत होता. पण त्याच्याही घरी लेकरं होती, आणि उद्या त्यालाच आत बसावं लागलं असतं. गोजराची चोळी भिजली. पोर रडतच होतं.

कोंडवाडा पाटलांच्या घराला लागून, हे मी सांगितलंय. सुभानराव जेवायला बसले होते. खिडकीतून रडणं येत होतं. बायको म्हणाली, "अहो, त्या बाईला तेवढं—"

सुभानराव उठले. खिडकीशी गेले. मंडळी, मी तुम्हाला त्यांच्या मनातलं सांगतो. त्यांना त्रास झाला. घास खाली जाईना. त्यांना वाटलं, उघडावं का दार? आणि लगेच वाटलं, ही तर परीक्षा आहे आपली! न्यायी माणसाला अशीच मोहाची वेळ येते. कायद्याला कान असले तर तो कुणाकुणाचं ऐकेल? त्यांनी खिडकीची दोन्ही दारं ओढली, अडसर घातला आणि पुन्हा पाटावर येऊन बसले. आणि काय सांगू, त्यांना स्वतःचा अभिमान वाटला. आपण विरघळलो नाही! ताकभात जरा जास्तच जेवले.

दया आली होती, मंडळी. पण ती आलेली दया या माणसानं मोह म्हणून हाकलून दिली. दुष्टाला एवढं पाप साधत नाही, त्याला सज्जनच लागतो.

दिवे लागले, दार उघडलं. गोजरानं पोर घेतलं. त्याचा आवाज बसला होता, नुसते ओठ हलत होते. गोजरा तिथंच भिंतीशी बसून त्याला पाजू लागली. तेव्हापासून पाटलांची ती खिडकी बंदच राहिली. सुभानराव म्हणायचे, वारा फार येतो.

आता भोगेश्वराला वाटलं असावं, की आपणही जरा लक्ष घालू.

महादेवाच्या नावानं सोडलेला वळू तुम्ही पाहिलाय ना? बेलखेडीतही होता. शंभू त्याचं नाव. अंगानं हा एवढा, खांद्यावर वशिंड, गळ्यात पितळी घंटा. त्याला कुणी बांधायचं नाही, मारायचं नाही. कुठंही चरला तर शेतकरी हात जोडायचा, देवानं तोंड लावलं म्हणायचा. आणि त्या शंभूनं एका पहाटे देशमुखांच्या हरभऱ्यात तोंड घातलं. नुसतं तोंड नाही, अंगपण घातलं. लोळला तिथं.

जयाजीराव देशमुख चावडीवर आले. आज सुपारी नव्हती हातात. "पाटील, वळू धरून आणलाय. कोंडवाड्यात घाला."

"अहो, देवाचा वळू तो."

"नियमात देवाची सवलत आहे का?"

नव्हती! सुभानरावांच्या नियमाला सगळी शेपटं होती, हे एक राहून गेलं होतं.

"बरं, घालू," सुभानराव म्हणाले.

"आणि मालक?"

मालक कोण? भोगेश्वर! जमलेलं गाव एकमेकांकडं बघायला लागलं. एकजण म्हणाला, देवाचा मुखवटा आणून ठेवू आत. तसा गुरव उठला. "मुखवटा जत्रेबिगर देवळाभाईर काडत न्हाईत. त्योबी नियमच हाय." म्हणजे बघा, देवाला तुरुंगात घालायचं तर तिथंही नियम आडवा. देव सुटला!

"मग चाकर," देशमुख म्हणाले. "मालक किंवा मालकाचा चाकर. पाटील, जत्रेत मानाचा पहिला नारळ कुणाला मिळतो?"

सुभानरावांनी देवळाकडं बघितलं.

गुरवानं उत्तर दिलं. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं, वर्षानुवर्षं पालखीपुढं जे पुकारायचं तेच पुकारलं. "भोगेश्वराचे पहिले चाकर, सुभानराव पाटील!"

आता आली का पंचाईत! वर्षभर हा पाटील, आणि पालखीत चवरी ढाळताना देवाचा पहिला चाकर. नारळ चाकराचा, शेला चाकराचा, पहिला प्रसाद चाकराचा. त्या वेळी चाकर म्हणवून घ्यायला किती गोड वाटतं! चाकरी करायची वेळ आली की मात्र घसा कोरडा पडतो. इथं समोरच्या रांगेत काही पहिले चाकर बसलेत, त्यांना कळतंय मी काय म्हणतो ते.

सुभानराव उठले. एक म्हणेन, पळवाट शोधली नाही. फेटा नीट केला, आत गेले. मागून शंभू. राणबानं कडी लावली. लोक थोडा वेळ हसले, मग आपापल्या शेतावर गेले. देशमुख जेवून झोपायला गेले.

सुरुवातीला बरं होतं. सुभानराव कोपऱ्यात ताठ बसले. शंभू मधोमध. पण ऊन वर आलं, दगड तापले. आत पाणी नव्हतं. पाणी ठेवायचं सुचलंच नव्हतं, पाणी बाहेर असतं ना! ज्या वळूला जन्मात कुणी कोंडलं नव्हतं, तो दाराकडं बघून फुरफुरायला लागला. मग भिंतीला अंग घासायला लागला. ज्या भिंतीला तो अंग घाशी, तिथं आधीच सुभानराव होते. ते या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकले. शंभूही सरकला. एकदा तर त्यानं त्यांना भिंतीशी असं दाबलं, की फेटा पडला आणि श्वास अडकला.

"राणबा!" सुभानराव ओरडले. "दार उघड."

बाहेरून राणबा म्हणाला, "पाटील, दिवं लागल्यावर."

"अरे, मी सांगतोय!"

"तुमी आत हायसा. आतल्या मान्साचं बोलनं धरायचं न्हाई, आसं तुमीच सांगितलंय जी."

सुभानराव दाराशी गेले. दोन्ही हातांनी चाचपलं. कडी कुठाय? कडी नव्हती. हाताला लागली ती गुळगुळीत फळी. रंधा मारलेली. एक कुसळ लागत नव्हतं हो! त्यांना सुताराचा प्रश्न आठवला. आतनं पण लावू का? आणि आपलं उत्तर आठवलं. कुणासाठी?

मग त्यांनी बायकोला हाक मारली. पलीकडं तर घर! एक भिंत, एक खिडकी. पुन्हा हाक मारली. वर बघितलं. खिडकीची दोन्ही दारं घट्ट बंद होती, आतून अडसर होता. तो कुणी घातला होता ते सुभानरावांना नीट ठाऊक होतं. मंडळी, तिथं तो माणूस मोडला. शंभूनं नाही मोडला. त्या बंद खिडकीनं मोडला. त्यांना ते रडणं ऐकू आलं, त्या दिवशीचं, आता, इतक्या दिवसांनी. कान होतेच की कायद्याला. आपणच बोटं घालून बसलो होतो.

तेवढ्यात मागून घंटा वाजली. शंभू पुन्हा उठला होता.

आणि बाहेरून गोजरा चालली होती. डोक्यावर घागर, कडेला पोर. तिनं ती हाक ऐकली. घागर खाली ठेवली.

राणबा आडवा आला. "गोजरे, उघडू नगंस. उद्या तुला बसावं लागंल."

गोजरानं त्याला बाजूला केलं नाही की वाद घातला नाही. त्याच्या काखेखालून हात घातला आणि कडी काढली. शंभू पहिला बाहेर पडला, तडक पाणवठ्याकडं गेला. मागून सुभानराव आले, धुळीनं भरलेले, बोडके. गोजरानं घागर वाकडी केली. ते ओंजळीनं पाणी प्याले.

मग म्हणाले, "तू का उघडलंस? तुला तर मी..."

गोजरा म्हणाली, "आवाज आला म्हून."

बस्स. एवढंच. मोठमोठ्या ग्रंथांत धर्म म्हणजे काय, नीती म्हणजे काय, पानंच्या पानं भरलीत. मी वाचलीत थोडी, झोप छान लागते. या बाईनं तीन शब्दांत उरकलं.

पण गोष्ट संपली नाही! देशमुख झोपेतून उठून आले ना. गाव पुन्हा जमलं. देशमुखांनी मिशीवर हात फिरवला. "पाटील, दार वेळेआधी कुणी उघडलं? मग उद्या बसणार कोण? नियम म्हणजे नियम."

आता करा निवाडा! शिक्षा केली, तर जिनं जीव वाचवला तिलाच कोंडलं. माफ केली, तर लोक म्हणणार, तिचं पोर रडलं तेव्हा नियम होता, पाटील रडला तेव्हा माफी आली. काय करेल न्यायी माणूस?

गोजराच म्हणाली, "बसते की मी. एवढं काय त्यात. पर ह्या वख्ताला पोर संगट आनीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरा आली. कडेला पोर, हातात पाण्याचा तांब्या, फडक्यात भाकरी. बघते तर सुतार दार ठोकत होता आणि सुभानराव शेजारी उभे. बाहेरची कडी उखडून टाकलेली. नवी कडी आतल्या बाजूला.

देशमुख म्हणाले, "आतून कडी? डोकं फिरलं का पाटील? मग आतला पळून नाही जाणार?"

सुभानराव म्हणाले, "जनावराला कडी काढता येत नाही, देशमुख. जनावर राहील. माणसाला काढता येते. त्यानं बसायचं का नाही, ते त्याचं त्यानं ठरवावं." मग गोजराकडं वळून, खाली बघत म्हणाले, "आत जा, आणि लगेच निघून ये. नियम झाला एवढं म्हणू."

गोजरा आत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. सगळे थांबले. आता येईल, मग येईल. आली नाही. लोक कंटाळून गेले. देशमुख गेले. सुभानराव मात्र दारापुढच्या दगडावर बसले. उन्हं चढली. तेच ऊन, तेच दगड. ते आता त्यांना ठाऊक होते. शेवटी राहवेना. उठले, दार वाजवलं. मंडळी, चित्र बघा! ज्यानं कोंडवाडा बांधला तो बाहेर उभा राहून दार वाजवतोय, आणि कडी आहे आतल्या बाईच्या हातात.

"गोजरा," ते म्हणाले, "बाई, झालं ते पुष्कळ झालं. घरी जा. मी चुकलो."

पुन्हा वाजवलं, जरा जोरात. डोळ्यांतून पाणी येत होतं. "अगं, मी पाटील सांगतोय. दार उघड."

तेव्हा आतून हळूच आवाज आला.

"दिवं लागल्यावर येते, पाटील. तवर आवाज करू नगासा. पोर निजलंय."

...

देशमुखांची घोडी पुढं पुन्हा एकदा कुणाच्या शेतात सापडली. म्हणे, या खेपेला स्वतः आत बसले होते, आतून कडी होती म्हणून. किती वेळ बसले? सुपारी कातरून होईपर्यंत. पण ते सोडा. देशमुखांना हसायला आपण जमलेलो नाही.

एक चरण म्हणतो. माझाच आहे, कुठल्या संताच्या नावावर खपवत नाही. दिगंबरपंत, सूर द्या.

तुझिया दाराला । कडी नाही देवा ।
म्हणोनि विसावा । सापडतो ॥

देवाच्या दाराला कडी नाही. मग आहे कुणाच्या? आता बोलू या आपलं. अध्यक्षमहाराज, तुम्ही उठू नका, तुमच्या चपला कुठं जात नाहीत, पाटीखाली सुरक्षित आहेत. घरात सुनेनं किती वाजता उठायचं, हा नियम आपण केला. करताना सून होती का खोलीत? सोसायटीत कामवालीनं कुठल्या जिन्यानं चढायचं, ते ठरवलं. त्या जिन्यानं एकदा तरी धुण्याची बादली घेऊन चढलात का? पोरीनं अंधारायच्या आत घरी यायचं, आणि पोरानं? पोराचं कोंडवाड्यात नावच नाही. सगळे नियम चांगल्यासाठीच हो! दाराला आतून रंधा मारलेला आहे, कुणाच्या हाताला कुसळ लागत नाही. फक्त आतल्या माणसाचं बोलणं धरायचं नाही, एवढंच.

मी तुम्हाला नियम मोडा म्हणत नाही. मी घाबरट माणूस आहे, मला पुढच्या वर्षीही यायचंय. एवढंच म्हणतो, की घरी जा, आणि आपण लावलेल्या दारांवरून एकदा हात फिरवा. आतल्या बाजूनं. कडी हाताला लागते का बघा. नाही लागली, तर जेवताना खिडकी तेवढी उघडी ठेवा.

हां हां, टाळ्या नकोत. टाळ्या वाजल्या की दुसरं काही ऐकू येत नाही. गप्प बसा थोडा वेळ, आणि कुणी हाक मारतंय का ते ऐका.